अमेरिकेतल्या आपल्या घराचा आणि गल्लीचा रेडलायनिंगचा इतिहास कसा शोधायचा

मिनियापोलिसला घर घेतलं तेव्हा क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर नावावर होण्याच्या, दिवशी जो कागदांचा गठ्ठा हातात पडला तो आम्ही सगळ्यांसारखाच एका फाइलमध्ये कोंबला आणि कपाटात टाकला, नंतर सात वर्षं कुणी उघडलासुद्धा नाही. मग रिफायनान्सच्या वेळी बाहेर काढला आणि चाळता चाळता एक ओळ दिसली, की अमुक नंबरच्या दस्तातल्या अटी या जागेला लागू आहेत, मात्र वंश, रंग, धर्म वगैरेंवर आधारलेल्या अटी वगळून. वगळून म्हणजे त्या होत्या ना? कुठल्या होत्या? काउंटीच्या ऑफिसातून तो जुना दस्त मागवला, टाइपरायटरवर टाइप केलेला, आणि त्यात लिहिलेलं होतं की गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय कुणाला ही जागा विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, राहायला द्यायची नाही, फक्त मालकाच्या घरी राहणारा नोकर दुसऱ्या वंशाचा असला तर चालेल.

त्या नोकराच्या ओळीवर मी कितीतरी वेळ अडकून पडले. ज्या स्वयंपाकघरात मी रोज सकाळी चहा टाकते तिथे एखादी काळी बाई भांडी घासायला उभी राहू शकत होती पण या घराची मालकीण होऊ शकत नव्हती, आणि मीही होऊ शकले नसते.

तेव्हापासून ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांसाठी मी हे कागद काढून दिलेत, आणि प्रत्येक वेळी तेच तेच फोनवर समजावून सांगावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. रेडलायनिंग म्हणजे तिथे कोण राहतं ते बघून अख्ख्या वस्तीलाच घरकर्ज नाकारणं. अमेरिकेत घर असेल तर स्वतःच्या घराचं करा, भाड्याने राहत असाल तरी करता येतं, आणि पुण्यात किंवा नाशकात बसून मुलीच्या घराचं करायचं असेल तरी बरंचसं काम कॉम्प्युटरवर होतं, पैसे जवळजवळ लागत नाहीत, दोन संध्याकाळी पुरतात.

आधी प्रकरण समजून घ्या, नाहीतर कागद हातात येऊनही काही कळणार नाही

आपल्यातले बरेच जण म्हणतात की काळे लोक एका भागात राहतात आणि गोरे दुसऱ्या, हे ज्याच्या त्याच्या आवडीने आणि ऐपतीने झालं असेल. मीही तसंच समजत होते. पण यात सरकारचा हात किती होता हे कागदावर आहे, सह्या-शिक्क्यांसकट, आणि तेच तुम्हाला शोधायचंय.

थोडक्यात सांगते. १९१० मध्ये बाल्टिमोर शहराने कायदाच केला की कुठल्या ब्लॉकवर गोरे राहणार आणि कुठल्यावर काळे, मग त्याचं बघून इतर शहरांनी केले. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने लुईव्हिलच्या केसमध्ये असे कायदे रद्द ठरवले. मग बिल्डर आणि जमीनमालकांनी तीच गोष्ट खासगी कराराच्या रूपात दस्तात घातली, याला कव्हनंट म्हणतात, आणि १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने याला हरकत घेतली नाही. मिनियापोलिसमधला अशा अटीचा पहिला सापडलेला दस्त १९१० चा आहे, ३५व्या अॅव्हेन्यू साउथवरच्या एका जागेचा, त्यात चिनी, जपानी, मूर, तुर्की, नीग्रो, मंगोलियन आणि आफ्रिकन रक्ताच्या माणसाला ही जागा कधीही विकायची, गहाण ठेवायची किंवा भाड्याने द्यायची नाही असं लिहिलंय. सुरुवातीच्या दस्तात अशी लांबलचक यादी असते, नंतर नंतर नुसतं 'कॉकेशियन वंशाशिवाय कुणी नाही' एवढ्यावर भागवलेलं दिसतं.

मग १९२९ ची मंदी आली, लोकांचे हप्ते थकले, घरं जप्त व्हायला लागली. १९३३ मध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं, त्याला सगळे एचओएलसी म्हणतात, त्याने दहा लाखांच्या आसपास घरांची बुडीत कर्जं स्वतःकडे घेऊन लोकांना सोप्या हप्त्यांवर दिली. चांगलं काम होतं ते. पण त्याच संस्थेने १९३५ ते १९४० मध्ये दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे बनवले आणि प्रत्येक वस्तीला ग्रेड दिली, ए म्हणजे हिरवा, बी निळा, सी पिवळा आणि डी लाल. लाल म्हणजे 'हॅझर्डस', धोक्याचा. रेडलायनिंग हा शब्द नंतरचा, पण या लाल रंगाशी जोडला गेला तो कायमचा.

आणि १९३४ मध्ये आली फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, एफएचए. हिच्याकडे नीट लक्ष द्या कारण खरं वजन हिचं आहे. एफएचए स्वतः कर्ज देत नव्हती, ती बँकेला जामीन राहत होती, म्हणजे घेणाऱ्याने हप्ते बुडवले तर सरकार भरून देणार. त्याआधी घर घ्यायचं तर निम्मी किंमत रोख मोजा आणि उरलेली पाच-दहा वर्षांत फेडा अशी परिस्थिती होती. सरकार जामीन राहिल्यावर बँका २० वर्षांचं कर्ज द्यायला लागल्या, १९३८ नंतर तर १० टक्के डाउन पेमेंट आणि २५ वर्षं मुदत. साध्या कारखान्यातल्या कामगाराला घर परवडायला लागलं ते यामुळे. पण जामीन कुठे राहायचं हे ठरवायला एफएचएने व्हॅल्युएशनचं मॅन्युअल काढलं आणि त्यात सरळ लिहिलं की वस्ती स्थिर राहायची असेल तर तिथे त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाचे लोक राहत राहिले पाहिजेत. विजोड वांशिक गटांची 'घुसखोरी' थांबवायला नैसर्गिक किंवा मुद्दाम उभे केलेले अडथळे उपयोगी पडतात असंही त्यात आहे, आणि दस्तात कव्हनंट असेल तर ते चांगलं मानलं जायचं. म्हणजे बिल्डरने अट घातली नाही तर सरकारी जामीनकी मिळायला अडचण. अट घालणारा माणूस खासगी, पण घालायला लावणारा बाजार सरकारने उभा केलेला.

डेट्रॉइटला याची भिंत आजही उभी आहे, खरीखुरी काँक्रीटची, सहा फूट उंच आणि साधारण अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, शेजारी काळ्यांची वस्ती होती म्हणून एफएचए तयार होईना, त्याने मध्ये भिंत बांधली आणि मंजुरी मिळाली. आता तिथे दोन्ही बाजूंना काळीच कुटुंबं राहतात आणि भिंतीवर चित्रं रंगवलीत.

नकाशा काढा

रिचमंड युनिव्हर्सिटीचा 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' नावाचा प्रोजेक्ट आहे, त्यांच्या साइटवर हे सगळे जुने नकाशे आजच्या रस्त्यांवर बसवून ठेवलेत, फुकट आहे. शहराचं नाव टाका, झूम करा, आपली गल्ली सापडली की त्या रंगीत तुकड्यावर क्लिक करा.

रंग बघून थांबू नका. बहुतेक लोक तिथेच स्क्रीनशॉट काढतात आणि मोकळे होतात, खरा ऐवज त्या तुकड्याच्या फॉर्ममध्ये आहे. प्रत्येक भागासाठी त्या काळच्या व्हॅल्युअरने एक छापील फॉर्म भरलेला असायचा, त्यात जमीन सपाट की उतारावर, घरं किती जुनी, भाडं किती हे सगळं आहेच, पण रहिवाशांच्या रकान्यात बघा. परदेशात जन्मलेले किती टक्के, कुठल्या देशाचे. नीग्रो, हो की नाही, किती टक्के. आणि पुढचा रकाना, 'घुसखोरी कोणाची'. छापलेलाच आहे तो प्रश्न, कुणा एका अधिकाऱ्याने रागाच्या भरात लिहिलेला नाही, प्रत्येक शहरात प्रत्येक वस्तीसाठी तोच. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या गावातलं गावकूस आठवलं, कुणाची घरं आत आणि कुणाची बाहेर हे सगळ्यांना पाठ असायचं, पण कुणी त्याचा फॉर्म भरून दिल्लीला पाठवत नव्हतं. इथे पाठवत होते, वॉशिंग्टनला.

शेवटी शेऱ्याचा रकाना असतो तो दोनदा वाचा. कुठे लिहिलेलं असतं घरं चांगली आहेत पण अमुक लोक यायला लागलेत म्हणून ग्रेड खाली, कुठे लिहिलेलं असतं कव्हनंट आहे म्हणून ही वस्ती सुरक्षित. असं वाक्य सापडलं तर जसंच्या तसं उतरवून घ्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, हे नकाशे साधारण चाळीस हजारांवर लोकवस्तीच्या शहरांचेच आहेत आणि १९४० च्या आतले. आपली बरीच मंडळी राहतात ती सबर्ब त्या वेळी शेतं होती, तुमचं गाव नकाशावर नसलं म्हणजे तिथे भेदभाव नव्हता असं समजू नका. न्यूयॉर्कजवळचं लेव्हिटटाउन बघा, १९४७ पासून बटाट्याच्या शेतांवर सतरा हजारांवर घरं बांधली, युद्धावरून आलेल्या सैनिकांसाठी, सरकारी जामीनकीवर, आणि सुरुवातीच्या करारात कॉकेशियन सोडून कुणी राहायचं नाही ही अट. तिथे लाल रंग लागलाच नाही कारण लाल व्हायला कुणाला आत येऊच दिलं नव्हतं. अशा ठिकाणी नकाशा सोडा आणि सरळ दस्ताकडे जा.

दस्त काढा

आजोबा शेत घ्यायच्या आधी तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणि मागचे सगळे फेरफार काढून बघायचे, हे तसंच आहे, फक्त तलाठ्याच्या जागी काउंटी रेकॉर्डर.

आधी शहराचा आधीच शोधून ठेवलेला डेटा आहे का ते बघा. मिनियापोलिस-सेंट पॉलसाठी मिनेसोटा युनिव्हर्सिटीचा 'मॅपिंग प्रेज्युडिस' प्रोजेक्ट आहे, त्यांनी लाखो जुने दस्त स्कॅन करून, हजारो साध्या लोकांकडून वाचून घेऊन, कुठल्या घरावर कव्हनंट होतं त्याचा नकाशा केलाय, पत्ता टाकला की कळतं. सिअॅटलसाठी वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने असंच मोठं काम केलंय. तुमच्या भागात असं काही असेल तर अर्धं काम झालं.

नसेल तर क्लोजिंगची फाइल काढा. त्यात टाइटल कमिटमेंट किंवा टाइटल पॉलिसी नावाचा, म्हणजे मालकी हक्काच्या विम्याचा, कागद असतो, त्यातलं शेड्यूल बी उघडा. तिथे अपवादांची यादी असते, युटिलिटीची इझमेंट, म्हणजे वीज-पाण्याच्या लाइनसाठी जागा वापरायचा हक्क, वगैरे, आणि त्यातच 'कव्हनंट्स, कंडिशन्स अँड रिस्ट्रिक्शन्स' असं लिहून बुक नंबर, पान नंबर किंवा डॉक्युमेंट नंबर दिलेला असतो. टाइटल कंपन्या वंशाची अट स्वतः छापत नाहीत, वगळली म्हणून एक वाक्य टाकतात, पण नंबर तोच असतो. तो नंबर म्हणजे किल्ली. तो घेऊन रेकॉर्डरच्या साइटवर शोधा, फार जुने दस्त साइटवर नसतात, मग ईमेल करा किंवा काउंटरवर जा, कॉपीचे थोडेफार पैसे घेतात.

फाइलच नसेल, भाड्याने राहत असाल, तर मागे मागे जावं लागतं. आजच्या मालकाने कुणाकडून घेतलं, त्याने कुणाकडून, असं ग्रँटर-ग्रँटी इंडेक्सवरून, म्हणजे रेकॉर्डरकडच्या देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नावांच्या सूचीवरून, पार त्या बिल्डरपर्यंत ज्याने पहिल्यांदा प्लॉट पाडले. कव्हनंट बहुतेक करून त्या पहिल्या विक्रीच्या दस्तातच सापडतं, किंवा सगळ्या प्लॉटिंगसाठी एकच वेगळं डिक्लरेशन रेकॉर्ड केलेलं असतं, मधल्या दस्तांत नुसतं 'रेकॉर्डवरच्या अटींच्या अधीन' असं मोघम लिहितात. म्हणून शेवटचे दोन-तीन दस्त बघून काही नाही सापडलं म्हणून सोडून देऊ नका, मी माझ्या मैत्रिणीच्या घराच्या वेळी ही चूक केली आणि तिला सांगून टाकलं की तुझं घर स्वच्छ आहे, नंतर मूळ प्लॉटिंगच्या दस्तात निघालं. १९१० ते १९५० या चाळीस वर्षांवर जास्त लक्ष द्या. अटी लांबलचक असतात, घर किती किमतीचं असावं, रस्त्यापासून किती फूट आत, कोंबड्या पाळू नका, आणि त्याच सुरात मध्येच ती ओळ येते. 'कॉकेशियन', 'व्हाइट रेस', 'ब्लड', 'डिसेंट', 'डोमेस्टिक सर्व्हंट' हे शब्द नजरेत ठेवा.

आता कुणी म्हणेल आपला काय संबंध, आपण तर नंतर आलो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याने गोरा नाही, म्हणून नागरिकत्व नाही. वैष्णो दास बगाई पेशावरहून १९१५ मध्ये बायको कला आणि तीन मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात आले, बर्कलीला घर घेतलं, सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलेलं, आत जाऊ देईनात. परत फिरले. पुढे त्यांचं मिळालेलं नागरिकत्व थिंद निकालानंतर काढून घेतलं आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बर्कलीत आता एका रस्त्याला कला बगाई यांचं नाव आहे. बे एरियात असाल तर मुलांना घेऊन जा.

माणसं शोधा

नकाशा आणि दस्त मिळाला की सांगाडा मिळतो, त्यात कोण राहत होतं हे कळल्याशिवाय मला तरी चैन पडत नाही.

१९४० ची जनगणना सगळी खुली आहे, अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर पानंच्या पानं स्कॅन केलेली. आधी आपल्या पत्त्याचा एन्युमरेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला छोटा विभाग, शोधायचा, मग त्याची पानं उलटत आपला रस्ता आणि घर नंबर. डाव्या बाजूला उभ्या अक्षरात रस्त्याचं नाव असतं. घर मालकीचं की भाड्याचं, किंमत किती, माणसाचा रंग किंवा वंश, जन्म कुठला, काम काय, सगळं एका ओळीत. चार-पाच ब्लॉक वाचलेत की रेघ कुठे होती ते डोळ्यांना दिसतं, एका रस्त्याच्या अलीकडे वंशाच्या रकान्यात सगळे डब्ल्यू, म्हणजे व्हाइट, आणि पलीकडे एनईजी, म्हणजे नीग्रो.

त्यानंतर जुनी वर्तमानपत्रं, आणि त्यातही काळ्या समाजाने चालवलेली वर्तमानपत्रं आवर्जून शोधा. इथलं 'मिनियापोलिस स्पोक्समन' १९३४ चं, मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर वाचायला मिळतं. शहरातल्या मोठ्या पेपरमध्ये जे घडलंच नाही असं वाटतं ते यात सापडतं.

आमच्याकडची एक गोष्ट सांगते म्हणजे काय शोधायचं ते कळेल. ४६०० कोलंबस अॅव्हेन्यू, छोटंसं घर. १९३१ मध्ये आर्थर ली आणि एडिथ ली यांनी ते घेतलं. आर्थर पोस्टात नोकरीला, पहिल्या महायुद्धात लढून आलेला. त्या भागातल्या घरमालकांनी काही वर्षं आधी आपसात लिहून दिलं होतं की काळ्यांना घर द्यायचं नाही. ली कुटुंब राहायला आल्यावर जुलैच्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी घरासमोर जमाव जमायला लागला, एका रात्री तर हजारोंचा, काही अंदाजांनी चार हजारांपर्यंत, दगड आणि घाण फेकत होते, आणि आत नवरा-बायको आणि लहान मुलगी. त्यांची बाजू मांडली लीना ऑलिव्ह स्मिथ यांनी, मिनेसोटातल्या पहिल्या काळ्या महिला वकील. घर परत विकत घेतो म्हणून शेजाऱ्यांच्या ऑफर आल्या तरी आर्थर हटला नाही, देशासाठी लढलोय, मला इथे राहायचा हक्क आहे हे त्याचं म्हणणं. दोनेक वर्षं काढली आणि मग गेले. २०१४ मध्ये ते घर राष्ट्रीय वारशाच्या यादीत आलं. ज्या कोपऱ्यावर २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला तो तिथून उत्तरेला आठ ब्लॉकवर आहे.

रस्ते आणि पुसलेल्या वस्त्या

जुने एरियल फोटो काढा, बऱ्याच राज्यांच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत ऑनलाइन आहेत, इथले मिनेसोटा युनिव्हर्सिटीकडे आहेत. १९४० च्या आसपासचा एक आणि १९७० च्या आसपासचा एक असे शेजारी ठेवा. १९५६ च्या हायवे कायद्यानंतर इंटरस्टेट बांधताना जागा लागली ती कुणाच्या घरांवरून गेली ते दिसेल, कारण लाल वस्तीतली जमीन आधीच स्वस्त करून ठेवलेली, आणि तिथल्या माणसाचं ऐकणारं कुणी नाही. सेंट पॉलची रोन्डो वस्ती आय-९४ खाली गेली, सहाशेच्या वर काळी कुटुंबं उठली. डेट्रॉइटचं ब्लॅक बॉटम, मायामीचं ओव्हरटाउन, न्यू ऑर्लिन्सचा क्लेबोर्न अॅव्हेन्यू, सगळीकडे तेच. मी आठवड्यातून पाच दिवस आय-९४ वरून ऑफिसला जाते.

आजचं चित्र वर ठेवून बघा, पण घाई करू नका

जुना नकाशा आणि आजची सेन्ससची माहिती एकावर एक ठेवा, घरमालकी, उत्पन्न, घराची किंमत. झाडं आणि उन्हाळ्यातलं तापमानही बघा, १०८ शहरांच्या २०२० मधल्या एका अभ्यासात जुन्या लाल वस्त्या सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेल्या निघाल्या, झाडं कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त. हे तुम्ही स्वतः करून बघू शकता, जुलैमधल्या एका दुपारी हिरव्या ग्रेडच्या रस्त्यावरून चालत लाल ग्रेडच्या रस्त्यावर जा, सावली कुठे संपते ते लक्षात ठेवा.

पैशाचं म्हणाल तर फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या सर्व्हेत मधल्या, म्हणजे संपत्तीच्या क्रमाने लावलं तर बरोबर मधोमध येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर आणि मधल्या काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर. घरमालकी गोऱ्यांत साधारण चारांत तीन कुटुंबांची, काळ्यांत निम्म्याहून कमी. मिनियापोलिस-सेंट पॉलमधली दरी देशातल्या सगळ्यात मोठ्या दऱ्यांपैकी आहे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, एका पिढीने फ्लॅट घेतला की पुढच्या पिढीचं शिक्षण, लग्न, धंद्याचं भांडवल त्यावर उभं राहतं हे आपण घराघरात बघितलंय. ज्यांना १९४० मध्ये बँकेने दारात उभं केलं नाही त्यांना शिकागोच्या लॉन्डेलसारख्या भागात 'कॉन्ट्रॅक्ट'वर घर घ्यावं लागायचं, किंमत दुप्पटही लावायचे, शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर, एक हप्ता चुकला की घर गेलं आणि भरलेले सगळे पैसे गेले. १९६८ मध्ये तिथल्या लोकांनी संघटना करून हप्ते अडवले आणि लढले. सरकारी जामीनकी म्हणजे काय चीज होती ते ती नसलेल्यांकडे बघून कळतं.

पण जे सापडेल त्यापेक्षा जास्त दावा करू नका, कारण कुणीतरी जाणकार तुम्हाला तिथेच धरेल आणि मग खरंही खोटं वाटायला लागेल. एचओएलसीने स्वतः लाल भागातही कर्जं दिली होती आणि बरीचशी कर्जं नकाशे व्हायच्या आधीच देऊन झाली होती, त्यामुळे 'या नकाशामुळे कर्ज नाकारलं' असं सरळ लिहू नका. नकाशात त्या काळच्या बाजाराची नजर दिसते, नाकारण्याचा मोठा भार एफएचएवर आणि बँकांवर आहे. लाल भागात राहणारे बहुतेक लोक गरीब गोरेच होते हेही खरं, मात्र काळ्यांची वस्ती जवळजवळ सगळीच लाल होती. आणि आजच्या प्रत्येक गोष्टीला १९३७ चा एक कागद जबाबदार नसतो, मध्ये कारखाने बंद पडले, शाळांचे पैसे प्रॉपर्टी टॅक्सवर अवलंबून राहिले, पुष्कळ काही झालं. एका घराच्या कागदावरून एका घरापुरतंच बोला, आणि चार कागद एकच गोष्ट सांगत असतील तर ती ठासून सांगा.

तारखाही नीट लावा, यात सगळे गोंधळतात. १९४८ मध्ये सेंट लुइसच्या शेली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशी अट कोर्ट अमलात आणणार नाही, अट लिहिणं तेव्हा बेकायदा ठरलं नाही. एफएचएने नव्या कव्हनंटवाल्या घरांना जामीन राहणं १९५० मध्ये थांबवलं. विक्रीत आणि भाड्यात भेदभाव देशभर बेकायदा झाला तो फेअर हाउसिंग अॅक्टने, ११ एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्युथर किंग यांचा खून झाल्यावर एका आठवड्यात. भारतातून मोठ्या संख्येने येणं सुरू झालं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. या दोन तारखा मी मुद्दाम शेजारी ठेवतेय. आपले पहिले इंजिनियर आणि डॉक्टर इथे सेटल होऊन घरं बघायला लागले तेव्हा निदान कायद्याने दार उघडलेलं होतं, आणि ते उघडायला दगड खाल्ले ली कुटुंबासारख्यांनी. आपल्या मंडळाच्या गणपतीत किंवा पार्टीत जेव्हा कुणी 'त्या एरियात घर नको' असं सहज बोलतं तेव्हा मला तो फॉर्ममधला घुसखोरीचा रकाना दिसतो, आणि आता मी तिथल्या तिथे बोलते.

कव्हनंट सापडलं तर

ते आज लागू नाही, घाबरायचं कारण नाही, घराच्या मालकीला काही धोका नाही. पण रेकॉर्डवर त्याला उत्तर देता येतं. मिनेसोटात २०१९ च्या कायद्याने एक फॉर्म भरून ते डिस्चार्ज, म्हणजे रद्द झाल्याची नोंद, करता येतं, 'जस्ट डीड्स' नावाच्या उपक्रमात सामील असलेल्या शहरांत वकिलांची मदत फुकट मिळते. कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टन राज्यात रिस्ट्रिक्टिव्ह कव्हनंट मॉडिफिकेशनचा कागद रेकॉर्डरकडे देता येतो. बाकी राज्यांत नियम वेगळे, काउंटी रेकॉर्डरला विचारा, मूळ दस्ताची कॉपी सोबत ठेवा. ज्याच्या त्याच्या राज्यात भरपाईच्या बाजूने काय चाललंय तेही बघा, वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये कायदा करून दस्त नोंदणीवर १०० डॉलर फी लावली आणि त्यातून या भेदभावात सापडलेल्या कुटुंबांना पहिलं घर घ्यायला डाउन पेमेंटची मदत सुरू केली, इलिनॉयच्या एव्हनस्टन शहराने २०२१ मध्ये काळ्या रहिवाशांसाठी घरापोटी २५,००० डॉलरची योजना मंजूर केली.

फॉर्ममध्ये जागेचं लीगल डिस्क्रिप्शन लिहावं लागतं, लॉट, ब्लॉक, अॅडिशनचं नाव, ते दस्तावरून अक्षर न् अक्षर उतरवा, नुसता पत्ता चालत नाही, माझा पहिला फॉर्म तेवढ्यावरून परत आला होता. मिनेसोटात जागा अॅब्स्ट्रॅक्ट आहे की टॉरेन्स तेही आधी विचारून घ्या, या मालकी नोंदवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. सही नोटरीसमोर करायची. डिस्चार्ज झाला तरी मिनेसोटात जुना दस्त पुसला जात नाही, तो रेकॉर्डवर तसाच राहतो आणि तुमचा कागद त्याच्यापुढे नव्या नंबरने लागतो. माझा नंबर आला तेव्हा मी दोन्ही नंबर एकाखाली एक लिहून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवले, पुढे हे घर जो कुणी घेईल त्याला शोधाशोध करावी लागू नये म्हणून.